प्लेगाच्या सूक्ष्मजंतूची एंझाइमे : मुंबईतील संशोधनाचा इतिहास

प्लेग हा येर्सिनिया पेस्टिस या सूक्ष्मजंतूमुळे होणारा, मुळात उंदरांचा व पिसवांमार्फत माणसास होणारा संसर्गजन्य रोग आहे. हा सूक्ष्मजंतू दोन अगदी भिन्न परिस्थितींत जगतो : एक पिसूच्या अन्नमार्गात सभोवतालच्या तापमानात व दुसरी उंदराच्या किंवा माणसाच्या शरीरात ३७° से. तापमानात. दोन्ही ठिकाणी त्यास मारक अशी रासायनिक द्रव्ये असतात. त्यांना तोंड देऊन तग धरणे आणि पुढे रोग उत्पन्न करणे या दोन्ही गोष्टी त्याच्या काही थोड्या एंझाइमांवर (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांवर) अवलंबून असतात. तग धरण्याची शक्ती व विकारकारिता (रोग उत्पन्न करण्याची क्षमता) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे पूर्वी मानले जाई. प्लेगाच्या बाबतीत त्यांची फारकत करता येत नाही, हे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दिसून आले आहे. ज्या निरीक्षणांचा उलगडा या संशोधनाने झाला, त्यांपैकी बरीचशी १८९६ ते १९१० च्या दरम्यान मुंबईत केलेली होती.

मुंबईतील साथ : हाँगकाँग येथे १८९४ साली आलेक्सांद्र येरसँ यांनी प्लेगाचा सूक्ष्मजंतू शोधून काढला. त्यानंतर दोनच वर्षांनी, सप्टेंबर १८९६ मध्ये, मुंबईच्या मांडवी भागातील रुग्णांना प्लेग झाला असल्याचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी जाहीर केले. १८९१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. पुढील काही महिन्यांत यांतील निम्म्याच्या जवळपास लोक शहर सोडून गेले. वांद्र्यापलीकडील कलिना, वाकोला ही त्या वेळी ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील खेडी होती व शहराबाहेर पडणारा लोंढा साष्टीतूनच उत्तरेकडे गेला. त्यांच्या गाठोड्यांतून व धान्याच्या पोत्यांतून काय जात आहे, याची कल्पना तेव्हा ना लोकांना होती ना सरकारला. वांद्रे येथे ख्रिस्ती वस्त्यांमधून प्लेग टळावा म्हणून उभारलेले क्रूस आजही आढळतात.

सरकारी उपायांचा रोख माणसांवर होता. रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविणे, त्यांच्या संपर्कातील लोकांस छावण्यांत ठेवणे, घरे कार्बॉलिक अम्लाने व चुन्याने धुऊन काढणे, प्रवाशांची तपासणी करणे हे ते उपाय होत. पुण्यात या सक्तीचा कळस झाला व त्याची परिणती २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाली. त्याच वर्षी १० मार्च रोजी प्लेगाच्या रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले यांचा त्याच रोगाने मृत्यू झाला. भारतात पुढील पन्नास वर्षांत प्लेगाने १ कोटी २० लाखांहून अधिक माणसे दगावली. घरे धुण्यावर झालेला खर्च व त्यापायी लोकांना सोसावा लागलेला जाच बहुतांशी व्यर्थ ठरला, असेच म्हणावे लागते. कारण कार्बॉलिक अम्लाने सूक्ष्मजंतू मरत असला, तरी तो जमिनीवर वा भिंतीवर नव्हताच.

व्हाल्डेमार हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले व ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत त्यांनी काम सुरू केले. मांसरसाच्या माध्यमावर तुपाचे किंवा तेलाचे थेंब तरंगत ठेवले, तर त्यांच्यापासून सूक्ष्मजंतूंची वाढ झुंबराप्रमाणे खाली लोंबते, हे त्यांनी पाहिले. कित्येक आठवडे वाढविलेले असे संवर्धन ७०° से. पर्यंत तापवून व त्यात कार्बॉलिक अम्ल मिसळून त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात हलविण्यात आली. १९२५ मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. सूक्ष्मजंतूच्या शरीराबरोबर त्याने माध्यमात सोडलेली द्रव्येही लसीत असावीत, असा हाफकिन यांचा आग्रह होता. ती द्रव्ये कोणती हे मात्र त्या काळी कळण्यासारखे नव्हते.

पिसू व दोन जातींचे उंदीर : पॉल लुई सिमाँ यांनी जून १८९८ मध्ये कराची येथे प्लेग झालेल्या उंदरावरील पिसवांमुळे निरोगी उंदरास रोग होतो, हे प्रयोगाने दाखविले. तथापि १८९८–९९ च्या भारतीय प्लेग आयोगाने ही कल्पना विचारात घेण्याजोगी नाही, असा अभिप्राय दिला. या एका अभिप्रायामुळे निदान पाच-सहा वर्षे फुकट गेली. मुंबईत ग्लेन लिस्टन यांनी १९०३ पासून प्लेगग्रस्त घरांतून गिनीपिग सोडून पाहिले. थोड्याच वेळात त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा गोळा होत व पुढे ते प्लेगाने मरत. १९०५ साली रॉयल सोसायटी, लिस्टर संस्था व इंडिया ऑफिस यांच्या सहकार्याने नवे संशोधन मंडळ नेमण्यात आले. चार्ल्स मार्टिन, लिस्टन, जॉर्ज लँब, पेट्री इत्यादींनी परळच्या आवारात मुंबईतील घरांच्या नमुन्यावर सहा खोल्या बांधल्या. त्यांची छपरे निरनिराळ्या प्रकारची होती, त्यामुळे छपरात वावरणाऱ्या उंदरांच्या पिसवा काही खोल्यांत खाली पडत, तर काहींत पडत नसत. जमिनीवर मोकळे फिरणारे गिनीपिग रोगाने मेले. पिसूच्या उडीच्या टप्प्याबाहेर टांगलेल्या पिंजऱ्यातील गिनीपिग वाचले. हवेतून किंवा जमिनीतून रोग पसरतो हा समज यामुळे निकालात निघाला.

मंडळाने मुंबईत वर्षभरात एक लाखाहून अधिक उंदीर तपासले. त्यांतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की, साथ आधी गटारांत राहणाऱ्या तपकिरी उंदरांत सुरू होते, सु. दहा दिवसांनी घरांतील काळ्या उंदरांत पसरते व त्यानंतर सु. दोन आठवड्यांनी माणसांत दिसू लागते. दुसरी गोष्ट ऋतूची. मुंबईतील साथ डिसेंबरच्या सुमारास वाढू लागे, मार्च-एप्रिलमध्ये शिगेस पोहोचे व उन्हाळा कडक होताच ओसरे. हे असे का होते, सूक्ष्मजंतू पिसूच्या पोटात मरत कसा नाही, एवढ्याशा दंशातून शिरलेला सूक्ष्मजंतू काखेतील किंवा जांघेतील ग्रंथींपर्यंत कसा पोहोचतो, हे प्रश्न मात्र तसेच राहिले. सूक्ष्मदर्शक व संवर्धनाची बशी या साधनांनी त्यांची उत्तरे मिळणे शक्य नव्हते.

पिसूच्या अन्नमार्गातील अडथळा : यांपैकी ऋतूच्या प्रश्नाचा एक धागा १९१४ साली हाती आला. ए. डब्ल्यू. बॅकट व मार्टिन यांनी लंडनच्या लिस्टर संस्थेत असे दाखविले की, संसर्ग झालेल्या पिसूच्या जठराच्या तोंडाशी असलेल्या काटेरी झडपेत सूक्ष्मजंतूंचा चिकट गोळा साचतो. मग पिसूने शोषलेले रक्त आत न जाता सूक्ष्मजंतूंसह उलट जखमेत पडते. उपाशी राहिलेली अशी पिसू पुन्हापुन्हा चावत सुटते.

हा चिकट गोळा म्हणजे सूक्ष्मजंतूंनी स्वतःभोवती विणलेला बहुशर्करेचा जैवपटल होय. ही बहुशर्करा जोडणारी एंझाइमे एका लहान संदेशवाहक रेणूच्या प्रमाणानुसार कामास लागतात. हा रेणू डायग्वानिलेट सायक्लेज प्रकारच्या एंझाइमांनी तयार होतो व फॉस्फोडायएस्टरेज एंझाइमांनी नष्ट होतो. पिसूच्या शरीरात, म्हणजे सु. २१° ते २६° से. तापमानात, जोडणारी एंझाइमे पुरेशी असतात. ३७° से. तापमानात त्यांतील काही प्रथिने झपाट्याने विघटित होतात व जैवपटल बनत नाही. उन्हाळ्यात पिसूच्या पोटातील गोळा टिकत नाही व पिसूची संसर्ग पोहोचविण्याची शक्ती घटते, असे मुंबईच्या मंडळालाही दिसले होते. सरासरी तापमान सु. २९° से. च्या वर गेले की साथ ओसरते, ही त्यांची नोंद होती. साथीच्या ऋतुमानास उंदरांची व पिसवांची संख्या, हवेतील आर्द्रता इ. अन्य कारणेही आहेत. तरीही तापमानाने चालू-बंद होणारी ही एंझाइमे त्यामागील एक मोठे कारण होय.

पेरॉक्साइडाशी सामना : प्लेगाचा सूक्ष्मजंतू प्रयोगशाळेत नाजूक वाटतो. साध्या आगर माध्यमावर मोठ्या संख्येने पेरला तर तो वाढतो, परंतु मोजकेच सूक्ष्मजंतू पेरल्यास पुष्कळदा एकही वसाहत दिसत नाही. माध्यमात थोडे रक्त मिसळले की ही अडचण दूर होते. साहिबसिंग सोखी हे हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक (१९३२–४९). सूक्ष्मजंतूंची संख्या व रोगाची तीव्रता यांचा संबंध ठरविणारे संख्यात्मक प्रयोग त्यांनी केले. अशा मोजणीत रक्तयुक्त माध्यमाचे महत्त्व विशेष होते. भारतातच १९३९ साली एम. एस. राव यांनी रक्तातील हिमॅटिन या लोहयुक्त द्रव्याचा या सूक्ष्मजंतूच्या पोषणाशी असलेला संबंध अभ्यासला.

यातील मर्म असे की, ऑक्सिजनात वाढताना सूक्ष्मजंतूच्या शरीरात व माध्यमात हायड्रोजन पेरॉक्साइड साचते आणि ते त्यास विषारी असते. कॅटॅलेज हे हीमयुक्त एंझाइम त्याचे पाणी व ऑक्सिजन यांत रूपांतर करते. पुष्कळ सूक्ष्मजंतू एकत्र असले की त्यांच्या सामुदायिक कॅटॅलेजाने पेरॉक्साइड निकालात निघते. एकट्यादुकट्यास ते साधत नाही. रक्तातील कॅटॅलेज त्यास बाहेरून साहाय्य करते. शरीरात हाच प्रश्न अधिक उग्र रूपाने उभा राहतो. रक्तातील श्वेत कोशिका सूक्ष्मजंतूस गिळून त्यावर सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड यांचा मारा करतात. सूक्ष्मजंतूचे सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एंझाइम सुपरऑक्साइडाचे पेरॉक्साइडात व कॅटॅलेजे पेरॉक्साइडाचे पाण्यात रूपांतर करतात. यांतील एक कॅटॅलेज-पेरॉक्सिडेज ३७° से. तापमानात विपुल प्रमाणात तयार होते, असे १९९९ मध्ये दिसून आले. विशेष म्हणजे तेच प्रथिन एक प्रतिजन म्हणून आधीपासून परिचित होते. लशींच्या अभ्यासात ज्याला केवळ क्रमांक देऊन बाजूस ठेवण्यात आले होते, ते सूक्ष्मजंतूचे संरक्षक एंझाइम निघाले.

मूषकविषाचे कोडे : प्लेगाच्या सूक्ष्मजंतूच्या अर्कात एक प्रथिन असते. ते टोचल्यास उंदीर व घुशी काही तासांत मरतात. गिनीपिग, ससे व माकडे यांवर त्याचा तितकासा परिणाम होत नाही. यास मूषकविष असे नाव पडले. हाफकिन यांनी ज्या द्रव्याची कल्पना केली होती ते बहुधा हेच, असे मानून अनेक वर्षे त्याचा अभ्यास झाला व त्याचे शुद्ध रूपही मिळविण्यात आले. परंतु एक विसंगती सर्वांनाच खटकत होती. प्लेगाने उंदराइतकीच माणसेही मरतात, मग माणसाच्या नातलग प्राण्यांना जवळजवळ निरुपद्रवी असणारे विष हे रोगाचे कारण कसे असेल?

उत्तर अनपेक्षित दिशेने आले. मूषकविषाचे जनुक सूक्ष्मजंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसून सु. एक लाख क्षारक-जोड्यांच्या प्लाझ्मिडावर (गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या वलयावर) असते. त्याची रचना पाहता ते फॉस्फोलिपेज डी या गटातील, मेद-द्रव्यांचे विघटन करणारे एंझाइम आहे, हे १९९० नंतरच्या दशकात लक्षात आले. ३७° से. पेक्षा पिसूच्या तापमानात ते अधिक तयार होते. अमेरिकेतील माँटॅना राज्यातील रॉकी मौंटन प्रयोगशाळेत जोसेफ हिनेबुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी ते जनुक काढून टाकले, तेव्हा उंदरांवरील विकारकारितेत फरक पडला नाही. मात्र पिसूच्या मध्यांत्रात असे सूक्ष्मजंतू काही तासांत गोलाकार होऊन फुटू लागले व एका दिवसात जवळजवळ नाहीसे झाले. १९०२ च्या सुमारास जे प्रश्नचिन्ह होते, त्याला २००२ साली असे उत्तर मिळाले : रक्त पचताना पिसूच्या पोटात निर्माण होणाऱ्या घातक द्रव्यांपासून सूक्ष्मजंतूचे रक्षण करणे, हे या एंझाइमाचे कार्य होय. उंदराला ते विष ठरते ही आनुषंगिक गोष्ट आहे.

२०२१ मध्ये याच गटाच्या संशोधनात एक सूक्ष्म भेद दिसला. उंदीर, माणूस किंवा काळा उंदीर यांच्या रक्तातून पिसूत गेलेल्या सूक्ष्मजंतूस हे एंझाइम अत्यावश्यक असते, तपकिरी उंदराच्या रक्तातून गेल्यास ते नसले तरी बहुतांशी चालते. पिसूच्या पोटात या दोन रक्तांतील तांबड्या कोशिका वेगवेगळ्या वेगाने पचतात, याच्याशी या भेदाचा संबंध जुळतो. परळच्या प्रयोगशाळेत मेलेल्या उंदरांची रास वर्गवार लावताना तपकिरी व काळा असे जे दोन ढीग केले जात, त्यांच्या रक्तातच असा फरक असावा, हे तेथे काम करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल. काळा उंदीर माणसाच्या घरात राहतो. त्याच्या रक्तातून पिसूपर्यंत व पुढे माणसापर्यंत जाण्याचा मार्ग या एका एंझाइमामुळे मोकळा झाला, असे अनुमान यावरून निघते.

दंशापासून ग्रंथीपर्यंत : प्लेगात जांघेत किंवा काखेत गाठ येते, ती दंशाच्या जागेपासून दूर असते. दंशाच्या जागी शरीर रक्तातील तंत्विनाचे जाळे विणून सूक्ष्मजंतूस कोंडण्याचा प्रयत्न करते. प्लेगाचा सूक्ष्मजंतू तंत्विन विरघळवतो, हे १९३६ साली मॅडिसन यांनी नोंदविले होते. कमी तापमानात तोच सूक्ष्मजंतू सशाचा रक्तद्रव गोठवितो, हेही पुढे आढळले. गोठविणे व विरघळविणे या परस्परविरोधी क्रिया एकाच एंझाइमाच्या आहेत, हे १९८९ मध्ये जनुकांच्या अभ्यासाने सिद्ध झाले. या प्रथिनभंजक एंझाइमास संशोधक ‘प्ला’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. त्याचे जनुक केवळ सु. ९,५०० क्षारक-जोड्यांच्या छोट्या प्लाझ्मिडावर असते. ते सूक्ष्मजंतूच्या बाह्य पटलावर राहते व रक्तातील निष्क्रिय प्लाझ्मिनोजेनाचे सक्रिय प्लाझ्मिनात रूपांतर करते. प्लाझ्मिन हे शरीराचे स्वतःचे तंत्विन विरघळविणारे एंझाइम. ज्या द्रव्याने जखम भरल्यावर रक्ताची गुठळी मोडायची, तेच शरीराच्या विरुद्ध वापरले जाते. शिवाय प्लाझ्मिनास आवर घालणारे रक्तातील प्रथिनही ‘प्ला’ निष्प्रभ करते.

जॉन गोगुएन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली या एंझाइमाचे महत्त्व मोजून दाखविले. ‘प्ला’ नसलेले सूक्ष्मजंतू त्वचेखाली टोचल्यास उंदीर मारण्यासाठी सु. दहा लाख पट अधिक संख्येने टोचावे लागतात. तेच सूक्ष्मजंतू सरळ शिरेत टोचले, तर असा फरक पडत नाही. म्हणजे हे एंझाइम मारण्याचे नसून दंशाच्या जागेपासून आत पोहोचण्याचे साधन आहे. फुप्फुसांच्या प्लेगात त्याचे काम निराळे आहे. २००७ मध्ये असे आढळले की, ‘प्ला’ नसल्यास सूक्ष्मजंतू फुप्फुसात भराभर वाढू शकत नाही. पुढे २०१५ साली या एंझाइमातील एकाच ॲमिनो अम्लाच्या बदलाचा परिणाम तपासण्यात आला. बदलापूर्वीचे जुने रूप फुप्फुसाचा प्लेग घडविण्यास पुरेसे असते. त्वचेतून शरीरभर पसरण्याची पूर्ण शक्ती मात्र बदललेल्या रूपातच असते.

श्वेत कोशिकांना निष्प्रभ करण्यासाठी सूक्ष्मजंतूजवळ आणखी एक संच आहे. तिसऱ्या एका प्लाझ्मिडावरील जनुकांपासून बनणारी प्रथिने तो सुईसारख्या अवयवातून सरळ कोशिकेत टोचतो. यांतील एक प्रथिन फॉस्फेट गट काढून टाकणारे फॉस्फेटेज आहे, हे १९९० मध्ये दाखविण्यात आले. कोशिकेतील संदेश फॉस्फेट गटांच्या जोडणीने पुढे जातात. ते गटच काढून घेतल्यामुळे श्वेत कोशिका भक्षण करू शकत नाही.

गमावलेली एंझाइमे : प्लेगाचा सूक्ष्मजंतू येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस या आतड्याचा सौम्य रोग करणाऱ्या जातीपासून काही हजार वर्षांपूर्वी निघाला. जनुकसमूहाचा संपूर्ण क्रम २००१ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सु. १५० निकामी जनुके आढळली. ही मोडतोड निरर्थक नाही. मूळ जातीत युरिएज हे एंझाइम असते. युरियापासून अमोनिया तयार करून ते जठरातील अम्लापासून सूक्ष्मजंतूचे रक्षण करते. अन्नातून शरीरात शिरणाऱ्या सूक्ष्मजंतूस याचा उपयोग आहे. परंतु हेच एंझाइम पिसवांना विषारी ठरते व मूळ जातीचा संसर्ग झालेल्या पिसवांपैकी बऱ्याच मरतात. प्लेगाच्या सूक्ष्मजंतूत युरिएजाच्या एका साहाय्यक जनुकात एकच जादा क्षारक शिरल्याने ते बंद पडले आहे. वाहक मेला तर प्रवासही संपतो, हे लक्षात घेता ही हानी लाभदायकच ठरली (२०१४ मधील संशोधन). त्याच वर्षी असेही दाखविण्यात आले की, मूषकविषाची प्राप्ती व जैवपटलास आवर घालणाऱ्या तीन जनुकांचा लोप एवढ्या चार बदलांनी मूळ जात पिसूमार्फत पसरू लागते.

बाह्य पटलातील मेदाचेही असेच आहे. शरीराचे संरक्षक ग्राही ज्या सहा मेदाम्ल-शाखांच्या रेणूस ओळखतात, तो रेणू हा सूक्ष्मजंतू कमी तापमानात बनवितो. ३७° से. तापमानात त्या शाखा जोडणारे एंझाइम त्याच्याजवळ नसल्याने चारच शाखा उरतात व शरीराला धोक्याची सूचना मिळत नाही. उशीर होतो तो येथेच. रुग्णाला ताप भरेपर्यंत सूक्ष्मजंतूंची संख्या बेसुमार झालेली असते.

बीड व सुरत, १९९४ : सोखी व त्यांचे सहकारी यांनी १९४० नंतर सल्फा औषधांचा प्लेगावर उपयोग सिद्ध केला. पुढे स्ट्रेप्टोमायसीन आले व महाराष्ट्रातून हा रोग जवळजवळ दिसेनासा झाला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर–उस्मानाबाद भागात भूकंप झाला. त्यानंतरच्या वर्षी, ऑगस्ट १९९४ मध्ये, शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगाचे रुग्ण आढळले व सप्टेंबरात सुरत येथे फुप्फुसांच्या प्लेगाची साथ जाहीर झाली. सुरतेहून लोक पळाले, मुंबईत प्रवाशांची तपासणी सुरू झाली. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीच्या चित्राची ही पुनरावृत्ती होती. मात्र रोग खरोखर प्लेगच होता की नाही, यावर तज्ज्ञांत दीर्घकाळ वाद चालला.

या वादात ‘प्ला’ एंझाइमाचे जनुक पुराव्याच्या रूपाने पुढे आले. बीड व सुरत येथील नमुन्यांत हे जनुक व सूक्ष्मजंतूच्या आवरणाचे जनुक पॉलिमरेज शृंखला विक्रियेने शोधण्यात आले. त्यानंतर हैदराबाद येथील कोशिकीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्राने १६ एस रायबोसोमी डीएनएचा क्रम तपासून २००० मध्ये सूक्ष्मजंतूची ओळख पक्की केली. प्लेगाच्या निदानात ‘प्ला’ जनुकावर भर असला, तरी केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे आहे, असे नंतर दिसून आले. या जनुकाशी मिळतीजुळती जनुके नेदर्लंड्समधील उंदरांत व अन्य काही सूक्ष्मजंतूंतही सापडली आहेत. त्यामुळे निदानासाठी एकाहून अधिक जनुके तपासणे इष्ट मानतात.

औषधांच्या बाबतीत दुसरी चिंता आहे. १९९५ मध्ये मादागास्करातील एका रुग्णापासून मिळालेल्या सूक्ष्मजंतूत स्ट्रेप्टोमायसीन, टेट्रासायक्लीन, क्लोरोमफेनिकॉल, अँपिसिलीन इ. अनेक औषधांचा प्रतिकार होता. यांतील बऱ्याच औषधांवर ॲसिटिल किंवा फॉस्फेट गट चढवून, तर काहींचे वलय फोडून त्यांना निकामी करणारी एंझाइमे त्यास एका प्लाझ्मिडातून मिळाली होती. असा प्रकार पसरलेला दिसत नाही. भारतात १९९४ नंतर २००२ मध्ये हिमाचल प्रदेशात सिमला जिल्ह्यातील हाटकोटी व २००४ मध्ये उत्तरकाशी जिल्ह्यात रोग उद्भवला व लवकर आटोक्यात आला.

प्राचीन मानवी दातांतील डीएनएच्या अभ्यासाने या एंझाइमांच्या कालक्रमावर प्रकाश टाकला आहे. सु. पाच हजार वर्षांपूर्वीच्या ब्राँझयुगीन माणसांच्या अवशेषांत प्लेगाचा सूक्ष्मजंतू आढळतो व ‘प्ला’चे जनुकही असते, परंतु मूषकविषाचे जनुक नसते (२०१५). ते असलेला सर्वांत जुना सूक्ष्मजंतू रशियातील व्होल्गा खोऱ्यातील सामारा भागात, सु. ३,८०० वर्षांपूर्वीच्या थडग्यांत मिळाला (२०१८). त्यापूर्वीच्या लोकांना हा रोग कोणत्या मार्गाने होत असे, पिसवांचा त्यात काही वाटा होता काय, यावर अद्याप एकमत नाही. तपकिरी उंदराच्या रक्तावरील प्रयोगामुळे हा प्रश्न पुन्हा खुला झाला आहे.